घोडके सरांची फोडाफोड

घोडके सर छड्या मारत त्या मूळ संख्येतच. दोन, तीन, पाच, सात. चार किंवा सहा छड्या खाल्लेला विद्यार्थी आमच्या शाळेच्या इतिहासात सापडायचा नाही. एकदा पाच खाऊनही मी भीतीनं हात पुढंच धरून ठेवला, तर म्हणाले, "मागं घे. सहा फुटते, दोन त्रिक. फुटणारा मार मी देत नाय. सात पाहिजेत का?"

माणूस म्हणाल तर नुसती काडी. पण दहावीच्या पहिल्या तासाला या काडीनं पिशवीतून वीट काढली, हातोडा काढला आणि टेबलावर असा घाव घातला की एक कपची उडून थेट माझ्या भुवईवर आली. रक्त डोळ्यात उतरलं. सरांनी आपला रुमाल माझ्या कपाळावर दाबला आणि तो दाबूनच शिकवत राहिले. "संख्या अशीच फोडायची लेका. फुटतीय तवर फोड. फुटायची थांबली की समज, मूळ गाठलं."

मग फळ्यावर आठाचा क्ष घात बरोबर बत्तीस. क्ष किती? मी छाती काढून म्हणालो, "चार! बत्तीस भागिले आठ." तीन छड्या. "अरे, घात हाय तो, भागाकार नाय! आठ फोड, तीन दोन निघतील. बत्तीस फोड, पाच दोन निघतील. आता दोन्हीकडं पाया दोनच. म्हणजे तीन क्ष बरोबर पाच. संपला खेळ!" असं म्हणताना त्यांचे डोळे असे चमकत, जणू समोर कुणीतरी गतप्राण होऊन पडलंय.

त्या काळी वाळूजला नव्या कंपन्या उभ्या राहत होत्या आणि आईनं माझ्यासाठी तिथली नोकरी मनोमन पक्की केली होती. त्यासाठी दहावी हवी. दहावीच्या फॉर्मवर गणिताच्या सरांची सही हवी. आणि सही चाचणीत पास होणाऱ्यालाच.

माझा सख्खा मामा दौलताबादचा पैलवान. गणिताशी त्याचं वैर, पण भाच्यावर जीव. चाचणीच्या दिवशी त्यानं पहिल्या रांगेतला पेपर खिडकीतून मिळवला, कॉलेजातल्या एकाकडून सोडवून घेतला आणि भिंतीपलीकडून आरोळी ठोकली, "पह्यल्याचं पाच भागिले तीन!" अशा पाच आरोळ्या. सगळ्या वर्गानं भक्तिभावानं लिहून घेतल्या.

सरांनी तीन रांगांना तीन वेगळे पेपर दिले होते. एकीला आठ आणि बत्तीस, माझ्या रांगेला सत्तावीस आणि दोनशे त्रेचाळीस, तिसरीला एकशे पंचवीस आणि तीन हजार एकशे पंचवीस. उत्तरं मात्र तिन्हीकडं तीच! आमची सगळी उत्तरं बरोबर आली. आणि आम्हा सगळ्यांना शून्य मिळालं, कारण मार्क होते ते फोडण्याला.

फॉर्म पाठवायच्या दिवशी सकाळीच मामा मला घेऊन वर्गात घुसला.

"मास्तर, उत्तर बरोबर अन् शून्य? हा कुठला न्याय?"

"उत्तर आलं कुठनं?"

"कुठनं म्हंजे? मीच वरडलो की!"

"मग तुम्हाला देतो पाच मार्क. बसा पह्यल्या बाकावर."

वर्ग हसला. तिथंच घात झाला. मामानं सरांना कॉलर धरून फळ्यावर आदळलं, त्यांचा उजवा हात पिरगाळला आणि वाळकं लाकूड मोडावं तसा कट्‌ आवाज झाला. सर खाली बसले. मामा गरजला, "सही कर!"

सर माझ्याकडं पाहून म्हणाले, "तू. फळ्याकडं ये. दोनशे त्रेचाळीस फोड."

खडू उचलला. मी फळ्यावर तीननं भागत सुटलो. एक्याऐंशी, सत्तावीस, नऊ, तीन, एक. पाच तीन. सत्तावीस फोडले, तीन तीन. तीन क्ष बरोबर पाच. खडू हातातच मोडला. मामा मूठ वळून तसाच उभा, एकदा फळ्याकडं पाही, एकदा माझ्याकडं. तेच उत्तर त्याच्याच भाच्याच्या हातून निघालं होतं, आणि ह्या खेपेला कुणी ओरडलं नव्हतं.

"चाचणीतलं शून्य कायम," सर म्हणाले. "पण आत्ता तू फोडलंस. फॉर्म आण."

मी म्हणालो, "सर, डाव्या हातानं करा."

"डाव्या हाताची सही ऑफिसात चालत नाय."

सुजलेल्या बोटांत त्यांनी पेन धरलं. कपाळावर घाम फुटला, ओठ पांढरे पडले. कागद टेबलावर सारखा सरकत होता. तेव्हा मामा पुढं झाला, आणि सरांचं नाव पूर्ण उमटेपर्यंत त्यानं तो कागद आपल्या दोन्ही पंजांनी दाबून धरला.