अर्धी उरलेली डिस्क

मंडळी, सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून इथे लिहितोय.

महिन्यापूर्वी नागावला समुद्रकाठच्या एका होमस्टेला मी स्टेनलेस स्टीलची रेलिंग बसवली. आज तिथल्या ताईंचा फोन आला, "दादा, तुमच्या स्टीलला गंज चढलाय."

जाऊन बघतो तर खरंच, वेल्डिंगच्या प्रत्येक जोडावर तांबूस ठिपके! ताई म्हणाल्या, "लोखंडालाच पॉलिश मारून दिलंत काय?"

माझं टाळकं सरकलं. तिथूनच पाइपवाल्या दुकानदाराला फोन लावला आणि त्याला नको नको ते बोललो. "खोटा माल खपवतोस!" त्याने फोन ठेवला.

मग जरा नीट पाहिलं. जोड सोडले तर अख्खा पाइप चकाचक होता. गंज होता तो फक्त मी ग्राइंडर फिरवला होता तिथे.

तेव्हा आठवलं. रेलिंगचे जोड घासताना ग्राइंडरला आदल्या दिवशीचीच डिस्क होती, लोखंडी गेट घासलेली. अर्धी उरली होती, टाकवेना. तिच्यातला लोखंडाचा कीस स्टीलमध्ये बसला आणि पुढचं काम खाऱ्या वाऱ्याने केलं.

आणि पाइप देताना त्याच दुकानदाराने विचारलं होतं, "स्टीलसाठी नवी डिस्क देऊ का, दादा?" मी म्हटलं होतं, "हाय माझ्याकडे."

रेलिंग उद्या नव्या डिस्कने घासून देतो. पण त्या माणसाला आता कुठल्या तोंडाने फोन करू, तेवढं सांगा.