भेकराची वाट

आम्ही पुण्यातल्या बावधनचे. मुळशीत डोंगराच्या पायथ्याशी जागा घेतली, तेव्हा तिच्याबरोबर ओढ्याचा काठ आला आणि वरच्या कातकरी वाडीतली मावशीही. ओढ्यावर जायची तिची पायवाट आमच्याच जागेतून होती. आपल्या जागेत कुणाची ये-जा मला खपत नसे, पण मावशीपुढे माझं काही चाललं नाही.

श्रावणात ती दगडाखाली हात घालून खेकडे धरायची. पोटाशी पिल्लं असलेली मादी सापडली की परत पाण्यात सोडायची. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "फुडल्या साली काय खायाचं मंग?" चैत्रात वरचं पाणी आटलं की ती मला सकाळी ओढ्याकाठी घेऊन जायची आणि चिखलातले ठसे दाखवायची. भेकर, ते बुटकं हरीण, पाणी पिऊन गेलेलं असायचं. झाडीतून त्याचं भुंकणं आलं की ती बोलता बोलता थांबायची.

मग मला आंब्याची कलमं लावायची हुक्की आली. गुरं खातील म्हणून चारी बाजूंनी जाळीचं कुंपण घातलं. मावशीची अडचण नको, म्हणून फाटकाची एक चावी मोठ्या दिमाखात तिच्या हातात ठेवली. तिनं ती उलटसुलट करून पाहिली.

"दादा, मला चावी दिलीस. भेकराला कोन देनार?"

मी हसण्यावारी नेलं. चैत्रात चिखल कोरा राहिला. पुढच्या वर्षीही तसाच. तेव्हा कुठे माझी अक्कल ठिकाणावर आली आणि मी डोंगराकडची नि ओढ्याकडची जाळी काढून टाकली. पण तोवर वरच्या अंगाला कुणीतरी बंगल्यासाठी लांबलचक भिंत घातली होती. तिला मी काय करणार?

आता मावशीचे गुडघे गेलेत. ती वाडीतून खाली उतरत नाही. यंदा चैत्रात भेटायला गेलो, तर मी टेकायच्या आत तिनं विचारलं, "आलं व्हतं का?"

तिच्या चेहऱ्याकडे पाहून मला नाही म्हणवेना. "आलं होतं. ठसे आहेत ना."

"खूर केवढा?"

मी अंगठा आणि तर्जनी दोन पेरं लांब धरून दाखवली. मावशीनं माझी दोन्ही बोटं धरली आणि हळूच जवळ आणली, मध्ये जेमतेम एक पेर उरेपर्यंत.

"एवढा असतो," ती म्हणाली. "तू दावलास तो शेळीचा."