तुळसाबाईचा तट

राजलक्ष्मी पाटणकर नेहमी पाहुण्यांच्या डाव्या बाजूने चालायची. किल्ल्यावर असो की जयविलास राजवाड्यात, पाहुणे तिच्या उजव्या हाताला. लोकांना वाटायचं, गाईड मंडळींची ही काही रीत असेल. रीतबीत काही नव्हती. तिला डाव्या कानाने जवळजवळ ऐकूच यायचं नाही. तो कान देवासला गेला, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. दारावर आलेल्या भाजीवाल्याशी हसून बोलली, एवढंच निमित्त नवऱ्याला पुरलं होतं.

पंचाण्णव साली ती एक सुटकेस घेऊन ग्वाल्हेरला परत आली. दानाओलीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या, वडील वर्षभरापूर्वी गेलेले. आईने, लीलाताईंनी, दार उघडलं ते आधी जिन्यात कोणी बघतंय का हे पाहण्यासाठी.

"आलीस ते ठीक," त्या म्हणाल्या. "पण कोणी विचारलं तर सांग, आई एकटी पडली म्हणून आले."

गल्लीत पुढे कायम हेच सांगितलं गेलं.

आजीने, म्हणजे वडिलांच्या आईने, काहीच विचारलं नाही. आठ दिवसांनी एका सकाळी ती म्हणाली, "चल, मला किल्ल्यावर घेऊन चल." पंचाहत्तरीची बाई, पण टेम्पोत चढली, उरवाई दरवाजाचा चढ थांबत थांबत चढली आणि सासबहूच्या देवळांपलीकडे पूर्वेच्या तटाशी जाऊन बसली. खाली जुनं गाव, पलीकडे रेल्वेचे रूळ, त्याच्याही पलीकडे मुरारची छावणी. तिथे बसून तिने नातीला आपल्या सासूची गोष्ट सांगितली.

सासूचं नाव तुळसाबाई. तिचा नवरा हैबतराव शिंद्यांच्या पलटणीत होता आणि पहिल्या महायुद्धात आफ्रिकेकडे गेला. पलटण परतली तेव्हा तो त्यात नव्हता. मेला असंही कोणी सांगेना, जिवंत आहे असंही कोणी म्हणेना. मागे राहिलेले लोक मात्र चार-सहा महिन्यांनी एखाद्या गाडीने येत राहिले. शिपाई येणार अशी खबर लष्कर भागात पसरली की तुळसाबाई भाकरी बांधून घ्यायची आणि या तटावर येऊन बसायची. एक नाही, दोन नाही, अकरा वर्षं.

"वाट बघायची?" राजलक्ष्मीने विचारलं होतं.

"वाट कसली! पाळत ठेवायची," आजी म्हणाली. "इथून माणूस ओळखू येत नाही, पण शिपाई उतरून मुरारकडे वळलेले कळतात. हजेरी देऊन, सुट्टी मिळून घरी यायला तासदोन तास लागणार. तेवढ्यात ही खाली पोचायची, पोराला जावेकडे दौलतगंजात पाठवायची आणि आतून दार लावून बसायची. हैबतरावाने तिचा हात दोनदा मोडला होता. शेवटी सरकारी कागद आला की तो मेला. तिने रीतीप्रमाणे बांगड्या फोडल्या. आणि संध्याकाळी पुरण घातलं. मला स्वतः सांगितलं तिने, हसत हसत. एक्याऐंशी वर्षांची होऊन मेली."

मग आजीने नातीच्या डाव्या कानावर हात ठेवला आणि म्हणाली, "तू अकरा वर्षं थांबली नाहीस. बरं केलंस."

राजलक्ष्मीची त्या दिवशी जी पाठ सरळ झाली ती झाली. तिने इतिहासात एम.ए. केलं, गाईडचं लायसन्स काढलं. त्या वेळी किल्ल्यावर बाईमाणूस गाईड म्हणून दिसणं नवलाचं होतं. पुरुष गाईड तिला 'बाईसाब' म्हणून चिडवायचे, गिऱ्हाईक पळवायचे. ती टिकली. चोवीस-पंचवीस वर्षं तिने लोकांना मानमंदिराची निळी बदकं दाखवली, तेली मंदिराचं शिखर दाखवलं, गळा गोड होतो म्हणून तानसेनच्या कबरीशेजारच्या चिंचेची पानं खायला लावली. तुळसाबाईची गोष्ट मात्र तिने एकाही पाहुण्याला सांगितली नाही. ती तिची स्वतःची होती.

बावीस सालच्या फेब्रुवारीत पुण्याहून अपूर्व नावाचा मुलगा आला. तिशीतला, एकटाच. एजन्सीच्या समरजीतने फोन करून सांगितलं, "राजलक्ष्मीजी, पूर्ण दिवसाचा प्रायव्हेट टूर आहे, मराठीतच पाहिजे म्हणतो."

अपूर्वसारखं ऐकणारं माणूस तिला तोवर भेटलं नव्हतं. तो फोटो काढत सुटला नाही. वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबायचा, मग नेमका प्रश्न विचारायचा. ती म्हणाली, "आता मी तुम्हाला गुजरी महाल घुमवते," तेव्हा पुण्याचे बाकीचे पाहुणे हसतात तसा तो हसला नाही. "ताई, तुमची मराठी किती गोड आहे," म्हणाला. दुपारी जेवायला कुठे जायचं असं विचारलं तर हॉटेल नको म्हणाला, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "मग घरीच चला."

लीलाताईंनी त्याला वरणभात, बटाट्याची भाजी, वर मुरैनाची तीळगुळाची गजक असं आग्रह करकरून वाढलं. "कसं शुद्ध बोलतो गं," त्या स्वयंपाकघरात येऊन कुजबुजल्या. "आपल्यासारखं अर्धं हिंदी नाही."

जेवून पुन्हा किल्ल्यावर गेले. सासबहूपाशी अपूर्व म्हणाला, "ताई, राजेरजवाडे झाले. पण तुमचं स्वतःचं इथे काय आहे?"

पंचवीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. ती त्याला तटाशी घेऊन गेली.

"रेकॉर्ड केलं तर चालेल ना? माझ्या लक्षात राहावं म्हणून," तो म्हणाला. ती हो म्हणाली. तिने सगळं सांगितलं. भाकरी, मुरार, मोडलेला हात, पुरण. देवासचंही सांगितलं, जे तिने मैत्रिणीलाही सांगितलं नव्हतं. अपूर्वच्या डोळ्यांत पाणी आलं. निघताना तो वाकून पाया पडला.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर सौरव आणि स्मृती असं एक जोडपं आलं. नवीन लग्न झालेलं. गाडीत बसल्या बसल्या स्मृती म्हणाली, "मॅडम, बाकी काही राहिलं तरी चालेल, पण तुळसाचा तट दाखवायचाच."

राजलक्ष्मीला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "काय दाखवायचं?"

"तुळसाचा तट! तुम्ही इथल्या असून तुम्हाला माहीत नाही?"

तटाशी पोचल्यावर तिने पाहिलं तर तिथल्या झुडपाला लाल धागे बांधलेले. दहा-बारा तरी असतील. सौरवने मोबाईलवर कुठल्याशा सहलीच्या अ‍ॅपमधली ध्वनिफीत लावली आणि तिलाही ऐकू जावी म्हणून आवाज मोठा केला. मागे सतार वाजत होती. अपूर्वचा आवाज लगेच ओळखू आला, भिजल्यासारखा, संथ.

'माझ्या आजीने मला सांगितलेली ही गोष्ट,' तो म्हणत होता. तुळसा नावाची एक नवपरिणीता. रणात गेलेला तिचा प्राणनाथ. अकरा वर्षं ती रोज या तटावर शिदोरी घेऊन यायची. तो आल्या आल्या त्याला भूक लागलेली असेल म्हणून. त्याच्या मरणाचा कागद आला तेव्हा तिने तो फाडून टाकला आणि इथेच, त्याच्या वाटेकडे डोळे लावून, प्राण सोडला. आजही प्रेमी जीव इथे धागा बांधतात.

स्मृती रडत होती. पर्समधून तिने लाल धागा काढला. येतानाच आणला होता.

"असं नव्हतं झालं," राजलक्ष्मी म्हणाली. "तो तिला मारायचा. ती घाबरून बघायची, तो येतो की काय म्हणून. आणि ती इथे मेली नाही. म्हातारी होऊन घरात मेली."

सौरव म्हणाला, "तुम्हाला कसं माहीत?"

"माझी पणजी होती ती."

सौरव आणि स्मृतीने एकमेकांकडे पाहिलं. स्मृतीला हसू आवरेना. "मॅडम, सॉरी हं, पण ताजमहालच्या गाईडनेही आम्हाला असंच सांगितलं होतं. त्याचे पूर्वज म्हणे कारागीर होते." मग जरा नाराजीने, "आजच्या दिवशी तरी असलं काही नको होतं. आमचा हनिमून आहे."

तिने धागा बांधला. फोटो काढायला मोबाईल राजलक्ष्मीच्याच हातात दिला. राजलक्ष्मीने फोटो काढले. दोन आडवे, दोन उभे.

घरी येऊन तिने अपूर्वला फोन लावला. पहिल्याच रिंगला त्याने उचलला. आवाजात खराखुरा आनंद होता.

"ताई! अहो, तुमची आठवण काढतच होतो. ऐकलंत का?"

"ऐकलं. माझी गोष्ट तुमच्या आजीची कधी झाली?"

"ताई, ते निवेदनाचं तंत्र असतं. 'मी' म्हटलं की ऐकणारा जवळ येतो."

"आणि हात मोडला ते? पुरण?"

"लिहिलं होतं मी तेही. पण खरं सांगू का, लोक सुट्टीवर आलेले असतात. मार खाल्लेली बाई त्यांना सुट्टीत नको असते. मी काही वाईट केलं नाहीये तिचं. तिला केवढं मोठं केलंय बघा ना! हवं तर खाली तुमचं नाव टाकतो, 'विशेष आभार' म्हणून."

"नाव नको. ते काढून टाका."

"आता कसं काढणार, ताई? हजारो लोकांनी ऐकलंय. आता ती गोष्ट माझीही नाही राहिली. लोकांची झाली."

त्याचं बोलणं इतकं मऊ होतं की तिला भांडायला कडाच सापडेना. तिने फोन ठेवला तेव्हा लीलाताई दारात उभ्या होत्या. "कोण, अपूर्व? काय म्हणतो पोरगा? आपल्या तुळसाबाईचं काही बोलत होतीस ना?"

नाइलाजाने राजलक्ष्मीने ध्वनिफीत लावली. वाटलं, आई तरी चिडेल. लीलाताई पलंगाच्या कडेला बसून शेवटपर्यंत हात जोडून ऐकत राहिल्या. संपल्यावर पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "किती छान सांगतो गं. परत लाव."

"आई, हे सगळं खोटं आहे."

"असू दे ना. खऱ्याने काय मिळालं? सासूबाई ते मार खाल्ल्याचं उगाळत बसायच्या, मला तर शरम वाटायची. घराण्याची अब्रू राहिली बघ या पोरामुळे."

तिने परत लावली नाही, तेव्हा लीलाताई शेजारच्या शिखाकडे गेल्या आणि स्वतःच्या मोबाईलवर ते अ‍ॅप घेऊन आल्या.

मग बातमी नातेवाइकांत गेली. देवासहून परत आलेल्या मुलीच्या घरी कधी न फिरकलेले चुलते फोन करू लागले. समाजाच्या एका मंडळाने जानेवारीच्या स्नेहमेळाव्यात 'पतिव्रता तुळसाबाईंच्या घराण्याचा' सत्कार ठरवला. लीलाताईंनी ठेवणीतली पैठणी काढून उन्हात टाकली. राजलक्ष्मी जाणार नव्हती, पण आईला एकटीला जिना उतरवत नव्हता.

हॉलमध्ये शंभरेक माणसं होती. मंडळाचे अध्यक्ष रघुनाथराव, पांढऱ्या मिशांचे, सज्जन गृहस्थ. त्यांनी लीलाताईंना शाल घातली, श्रीफळ दिलं, आणि माइक राजलक्ष्मीपुढे धरला. "आपण तर गाईड. आपण दोन शब्द बोला."

बोलायचं नाही असं तिने ठरवलं होतं. पण समोरच्या रांगेत एक मुलगी बसली होती, नवं मंगळसूत्र, पूर्ण बाह्यांचं ब्लाउज, नजर खाली. का कोण जाणे, तिच्याकडे बघून राजलक्ष्मी बोलू लागली.

"तुळसाबाई नवऱ्याची वाट बघत नव्हती," ती म्हणाली. "तिला त्याची भीती वाटायची. तो मेल्याचं कळलं तेव्हा तिने पुरण घातलं. माझ्या आजीने मला हे सांगितलं, आणि मला वाटतं, ते सांगण्यासारखं..."

कुजबुज सुरू झाली. रघुनाथरावांनी हळूच माइकवर हात ठेवला. "बाई, बसा. आज आनंदाचा प्रसंग आहे."

आणि लीलाताई शाल सावरत उठल्या. हॉलला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, पण कळवळून, म्हणाल्या, "मनावर घेऊ नका तिचं. तिचं स्वतःचं फाटलं ना, तेव्हापासून तिला सगळ्यांचं फाटकंच दिसतं."

अठ्ठावीस वर्षं जी गोष्ट गल्लीत लपवून ठेवली होती, ती लीलाताईंनी अशी एका वाक्यात सगळ्यांसमोर टाकली. लोक सहानुभूतीने हसले. समोरची मुलगी शेजारणीच्या कानाला लागली, काहीतरी विचारलं, आणि मग राजलक्ष्मीकडे बघायचं तिने टाळलं.

घरी येताना रिक्षात, दौलतगंजाच्या वळणावर लीलाताई म्हणाल्या, "मी काय मुद्दाम बोलले का? तू गप्प बसली असतीस तर बोलावं लागलं नसतं." आई राजलक्ष्मीच्या डाव्या बाजूला बसली होती. ऐकूच आलं नाही असं दाखवता आलं.

काही दिवसांनी तिने समरजीतला सांगितलं की किल्ल्याचे टूर दुसऱ्या कोणाला द्या. त्याने कारण विचारलं तर गुडघ्याचं सांगितलं. तो बरं म्हणाला. स्मृतीने तक्रार लिहिलेली होतीच, 'गाईड कटू बोलतात', त्यामुळे त्यालाही सोपं गेलं. आता तिला बटेश्वर, पडावलीचे दिवसभराचे टूर मिळतात. पडलेल्या देवळांचे दगड जोडून पुन्हा उभे केलेत, त्याचं ती सगळं नीट सांगते. तारखा, राजवंश, कोणत्या दगडावर काय कोरलंय. स्वतःचं काही विचारलं तर "तसं काही नाही" म्हणते आणि पाहुण्यांना पुढच्या देवळाकडे नेते.

लीलाताईंना यातलं काही माहीत नाही. त्या ब्याऐंशीच्या आहेत, गुडघे खरोखरच त्यांचे गेलेत. लेक संध्याकाळी जिना चढून आली की त्या पलंगावरूनच विचारतात, "आज नेलंस का पाहुण्यांना आपल्या तटावर?"

"नेलं," राजलक्ष्मी चपला काढत म्हणते.

"मग? रडली का गं माणसं?"

"रडली," ती म्हणते. "खूप रडली."

आणि चहाला आधण ठेवते.