तव्यावर भाजलेले रॉड

"लोखंडबी थकते बे," असं म्हणत चाचा वेल्डिंगचे रॉड तव्यावर भाजायला घ्यायचे. उंद्री फाट्यावरच्या त्यांच्या शेडमध्ये आधी स्टोव्ह पेटायचा, मग वेल्डिंग. तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हीही हसला असता. मी शेजारच्या, कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये फिटर होतो. "चाचा, भाकरी झाली का?" असं रोज चिडवायचो.

"हास लेका. वल्ला रॉड जोडाच्या पोटात फुगे करते. वरून दिसत नाही."

झिजलेल्या शाफ्टवर ते थरावर थर चढवायचे, प्रत्येक थर ब्रशने घासायचे, मग लेथवर मापात आणायचे. त्यांचं काम परत आल्याचं कोणी ऐकलं नव्हतं.

बीटी बियाणं आल्यापासून जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग लांबली होती. त्या हंगामात बोंडअळीतून वाचलेला कापूस घेऊन लोक दोन दिवस फाटकाशी उभे होते, भाव रोज उतरत होता, आणि आमच्या मशीनचा शाफ्ट खडखडू लागला. तो घेऊन मी चाचांकडे धावलो. त्यांनी तवा ठेवला. मी स्टोव्ह बंद केला.

"भाजत काय बसता? लोक शिव्या देऊन राह्यले!"

"घंटाभर थांब रे बाबा."

मी थांबलो नाही. त्यांच्या पांढऱ्या दाढीसमोर ओरडलो. ते न भाजलेले रॉड घेऊन कामाला लागले.

शाफ्ट अठरा दिवस चालला. एकोणिसाव्या दिवशी तुटला, पुली उडाली आणि सरकी भरणाऱ्या एका बाईचा हात गेला. तुटलेल्या तोंडावर टाचणीच्या डोक्याएवढा फुगा होता. तिथून भेग रोज थोडी थोडी सरकत गेली होती.

मालकाने सगळ्यांसमोर जाब विचारला. चाचांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. माझ्या घरी नुकतंच बाळ झालेलं त्यांना ठाऊक होतं.

"गलती माही," ते म्हणाले.

मी गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याची मला आजही किळस येते.

मग त्यांच्याकडे कोणी काम नेईना. शेड बंद करून ते देऊळगाव राजाला लेकीकडे गेले. जाऊन सगळं कबूल करायचं, असं मी किती वेळा ठरवलं! गेलो तो मयतीलाच.

माती देऊन त्यांच्या घरी आलो. लेकीने पाण्याचा ग्लास पुढे केला.

"भाऊ, अब्बानं जिंदगीत कधी घाई केली नाही. त्या दिवशीच काऊन केली असंल? तुमाले तर ठाव असंल."

"नाही बाई," मी म्हणालो, "मले नाही ठाव."

आणि तिच्या हातचं पाणी प्यालो.