निळ्या दाराचा पिनकोड

सातवीत शाळा सोडून मी चांद्याहून सोलापुरात मागावर कामाला आलो, तेव्हा घरच्या पत्रावर पत्ता असे : 'सात रस्त्याजवळ, निळं दार'. चाळीच्या मालकाने ते दार कधीच हिरवं केलं होतं. तरी पत्र यायचं, कारण आमचा पोस्टमन पत्ता वाचतच नसे. पाकीट डोळ्यांजवळ धरून तो माझ्या भावाचं तिरपं अक्षर ओळखायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तोही मला 'पावनं'च म्हणे.

मग पिनकोड आले, घरांवर नवे नंबर रंगवले गेले. अर्धवट पत्त्याची पत्रं परत जातील, असं ऐकलं. गावी आई आजारी. धास्तीने मी भावाला नवा नंबर, पिनकोड, सगळं कळवलं. पंधरा दिवस पत्र नाही. मी रोज पोस्टमनला अडवून विचारायचो. जेवण जाईना.

एके दुपारी तो घामाघूम होऊन आला. आमचाच नंबर पलीकडच्या एका चाळीवरही रंगवला होता. तिथल्या पोस्टमनने टाकलेलं पाकीट हा विचारत विचारत शोधून घेऊन आला होता.

"मी नंबर चुकीचा कळवला का हो?"

"नंबर बरोबर हाय की. तुमी तितं ऱ्हात न्हाय, एवढंच."

मी तिथंच पाकीट फोडलं. आई बरी होती. मी पाया पडायला वाकलो, तर त्याने मध्ये पिशवी धरली.

"पिनकोड टाकू द्या, पावनं, सरकारला बरं वाटतंय. पन खाली निळं दार बी लिवाया सांगा भावाला."

मी हिरव्या दारात उभा राहून मान डोलावली.