फोन कुठवर आला?

आमच्या कॉलनीत घरं अकरा, पण टेलिफोनचे किस्से मोजायला बसलात तर घरांपेक्षा जास्त भरतील. संध्याकाळी ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर चौघं जमलो, की बोलणं पिकापाण्यावरून निघो नाहीतर कुणाच्या लग्नावरून, शेवटी गाडी फोनवरच येते. मला रोजनिशी लिहायची सवय. शिक्षण जुनी सातवी, पण नोकरी साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात. कोण किती वाजता आला, हे लिहून लिहून हात थांबेनासा झाला. नव्वद सालानंतर आम्ही तालुक्याच्या गावाबाहेर घर बांधून राहायला आलो, तेव्हापासून वहीत रोज तीन नोंदी असायच्या: हवा, पाहुणे आणि फोन. हवा बदलायची, पाहुणे बदलायचे. फोनपुढं मात्र एकच शब्द. नाही!

सगळंच सांगत बसलो तर तुमचा चहा गार होईल. वहीत ज्या पानांना मी दुमड घालून ठेवली आहे, तेवढंच सांगतो.

* * *

आमची एकुलती मुलगी कुंदा कोपरगावला दिलेली. घर बांधलं त्याच वर्षी तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण डॉक्टर म्हणाले, या रस्त्यांवरून एस.टी.चा प्रवास नको; तेव्हा बाळंतपण कोपरगावलाच ठरलं. व्याह्यांकडे फोन होता. मी छाती पुढं काढून शब्द देऊन बसलो, "काही काळजी करू नका. नव्या घरात फोन घेतोय. बाळाची पहिली बातमी आम्ही फोनवरच ऐकणार!"

अर्ज घेऊन टेलिफोन ऑफिसात गेलो. खिडकीतल्या कारकुनाने पत्ता वाचला, भिंतीवरचा नकाशा पाहिला आणि मान हलवली.

"इथं तर बाभळी आहेत."

"होत्या. त्या तोडून आम्ही घरं बांधली."

"नकाशात अजून उभ्या आहेत. बाभळींना फोन देता येत नाही."

माझ्या खिशात खोडरबर असतो. तो मी पुढं केला. त्याने इकडंतिकडं पाहिलं, आणि दोन मिनिटांत सगळं रान साफ केलं. सरकारी काम इतकं झटपट झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि त्यानंतर पाहिलं नाही.

धीर आला म्हणून विचारलं, "बाळ व्हायच्या आत मिळेल ना फोन?"

"कुणाचं बाळ?"

"मुलीचं."

त्याने अर्जावर शिक्का मारला आणि अगदी सहज विचारलं, "मुलगी आता कितवीत आहे?"

* * *

बाळ अर्थातच फोनसाठी थांबलं नाही. एका शनिवारी सकाळी आमच्या दारात शेळ्यांनी भरलेला टेम्पो उभा राहिला. कोपरगावकडून काष्टीच्या बाजाराला निघालेला. ड्रायव्हरने खालूनच हाक मारली, "टाइम ऑफिसवाले सायेब तुमीच का? तुमच्या व्याह्यांचा निरोप हाय. तुमच्या लेकीला झालं!"

आमच्या मंडळी पदर सावरत धावत बाहेर आल्या. "काय झालं?"

ड्रायव्हर डोकं खाजवायला लागला. "त्येच्या आयला... सांगितलं हुतं बगा. वाटंत दोन शेळ्या सुटल्या, त्या धरण्यात इसरून गेलं."

"अहो, मुलगा की मुलगी?"

"दोन्हीतलं एक नक्की हाय!"

"आणि कुंदा? ती बरी आहे ना?"

"ते न्हाई सांगितलं. म्हंजी बरीच आसंल. वंगाळ आसतं तर ध्यानात ऱ्हायलं आसतं!"

त्याच्या बोलण्यात तथ्य होतं, पण आईला ते पटेना. मंडळी नेसत्या लुगड्यानिशी स्टँडवर गेल्या. दोन एस.टी. बदलून कोपरगावला पोचल्या, तेव्हा नात चार दिवसांची झाली होती. पाचव्या दिवशी त्यांचं कार्ड टाकून झालं, ते मला नवव्या दिवशी मिळालं: "मुलगी आहे. दोघी ठीक. कुंदा मात्र माझ्याशी बोलत नाही. म्हणते, चार दिवस मी दाराकडं बघत होते."

खाली व्याह्यांनी आपल्या हाताने एक ओळ लिहिली होती: "फोन कुठवर आला?"

पुढं त्यांचं प्रत्येक पत्र याच ओळीने संपू लागलं. पूर्वी तिथं 'कळावे, लोभ असावा' असायचं.

* * *

नात बसायला लागली त्या सुमारास कॉलनीत खांब आले. आले म्हणजे रस्त्याकडेला येऊन आडवे पडले. त्यांच्यावर आम्ही गप्पा मारल्या, बायकांनी गोधड्या वाळवल्या. मग एक दिवस ते उभे करायला माणसं आली, आणि पहिला खड्डा घेतला तो नानासाहेबांच्या दारासमोर.

नानासाहेब म्हणजे महसुलातले निवृत्त सर्कल. आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधावरची भांडणं मिटवली, आता स्वतःसाठी एखादं शोधत होते. त्या दिवसांत वास्तुशास्त्राचं वारं नवीन होतं. ते लुंगी सावरत बाहेर आले, "खबरदार! दारासमोर खांब म्हणजे द्वारवेध! घरातल्या कर्त्या पुरुषाला त्रास होतो."

आतून त्यांच्या सौभाग्यवतींचा आवाज आला, "रोवा हो तुम्ही. आमच्याकडचा कर्ता पुरुष पेन्शनीत गेलाय."

तरी खांब हललाच. समोर कांबळे सर राहतात, हायस्कूलला गणित शिकवतात. ते म्हणाले, "माझ्या दारात रोवा. आमच्या घरात वास्तुशास्त्र नाही, त्यामुळं जागा बरीच मोकळी आहे."

खांब सरांच्या दारात उभा राहिला. आठवड्याने कॉलनीत बातमी आली, की ज्याचं घर खांबाजवळ, त्याची जोडणी आधी. संध्याकाळी नानासाहेब सरांच्या ओट्यावर हजर!

"सर, न्यायाची गोष्ट करतो. त्या खांबाची मूळ जागा आमच्या दारात आहे."

"आणि द्वारवेध?"

"हॅ! त्यावर शांती करता येते."

* * *

तार यायच्या आधी फोन आले. मार्चअखेर होती. त्या वर्षी इतके फोन बसवले, असं वर कळवायचं असावं. जीपमधून खोकी आली, सह्या घेतल्या आणि प्रत्येक घरात एकेक यंत्र ठेवून माणसं निघून गेली.

"वायर?" मी विचारलं.

"ती पुढच्या वर्षाच्या बजेटात आहे."

आमच्या घरी फोनवर घालायला क्रोशाचा रुमाल विणून झाला. नानासाहेबांनी फोन दिवाणखान्यात दर्शनी ठेवला आणि आलेल्या प्रत्येकाला बजावायला लागले, "हात लावू नका, चालू होईल!" खंडेनवमीला मी कारखान्यात हत्यारांची पूजा करून घरी आलो, तर मंडळींनी शिवणयंत्राशेजारी फोनही मांडलेला. त्याला मशीनपेक्षा मोठा हार!

मी म्हटलं, "अहो, मशीन रोज चालतं, त्याला एक फूल. आणि याला हार?"

"चालतं त्याला कशाला हार हवा?" त्या म्हणाल्या.

व्याह्यांना मी कळवलं: फोन घरात आला आहे, फक्त तार बाहेर आहे. त्यांचं उत्तर आलं: आमची नात चालायला लागली. ती आधी पोचेल असं दिसतं.

* * *

एकदा मी वही घेऊनच टेलिफोन ऑफिसात गेलो. कोणत्या वारी आलो, कोण भेटलं, काय म्हणालं, सगळं वाचून दाखवलं. वाटलं, कारकून चिडेल. तो खुर्ची सोडून खिडकीबाहेरच आला!

"यात बाकीच्यांचेही नंबर आहेत?"

होते. रांगेत उभा असताना पुढच्या-मागच्याचा अर्ज कितवा, हे विचारून मी लिहून ठेवत असे. वेळ जायला पाहिजे ना.

त्याने आवाज खाली आणला. "आमचं प्रतीक्षा यादीचं रजिस्टर वाळवीनं खाल्लं. दोन दिवस वही देता का?"

दोन दिवसांचे सोळा दिवस झाले. वही परत आली तेव्हा ऑफिसात नवं कोरं रजिस्टर होतं, अक्षर त्यांचं आणि मजकूर माझा. त्यानंतर कुणी खिडकीवर चौकशीला गेलं, की कारकून सांगायचा, "टाइम ऑफिसवाल्या साहेबांना विचारा." लोक थेट माझ्या घरी यायला लागले. मिरजगावचा एक गुळाचा व्यापारी तर माझ्यावरच ओरडून गेला, "अजून किती दिवस लावणार तुम्ही लोक?"

हे सगळं ऐकून मंडळींनी एकच विचारलं, "तुमचा नंबर कितवा?"

"एकशे बारा."

"आणि यादी तुमच्याच वहीवरून उतरवली?"

"हो."

त्यांनी कपाळावर हात मारला. "इतकी वर्षं लिहिताय, एक ओळ जरा वर लिहायला काय झालं होतं?"

* * *

अखेर तार आली. लाइनमन रज्जाकभाईंनी खांबाखांबावरून ओढत आणली आणि आमच्या दाराबाहेर गुंडाळी लटकवून म्हणाले, "उद्या येतो, आत घेतो."

पण गळिताचा हंगाम सुरू झालेला. रात्रभर उसाच्या ट्रॉल्या आमच्या रस्त्याने कारखान्याकडे. मोळ्या किती उंच रचायच्या याला ड्रायव्हरच्या हिमतीशिवाय मर्यादा नाही. सकाळी उठून बघतो, तर गुंडाळीही नाही आणि तारही नाही!

दहा वाजता मी टाइम ऑफिसात हजेरी घेत होतो. वजनकाट्यावरून एक ट्रॉलीवाला आला. हातात वायरचं भेंडोळं.

"सायेब, ही कुनाची हाय? मैलभर झालं मागं मागं येतीया."

मी ओळखली. घरी जायचं सोडून तार मला भेटायला ऑफिसात आली होती!

रज्जाकभाईंना बोलावलं. त्यांनी तार पाहिली, बाहेरची ट्रॉल्यांची रांग पाहिली आणि म्हणाले, "साहेब, आता हंगाम संपल्यावरच. आत्ता ओढली तर तुमचा कारखाना परत खाणार." शेजारीच उभे असलेले शेतकी अधिकारी हसायला लागले. मला हसू आलं नाही. त्याच आठवड्यात कुंदाचं पत्र होतं. लिहिलं होतं, पोरगी आता सगळं बोलते, सारखी विचारते, आजोबांचा आवाज कसा आहे?

* * *

हंगाम संपला, कारखान्याचा पट्टा पडला. उन्हाळा लागला. एका सोमवारी सकाळी रज्जाकभाई खरंच आले. खांबावर चढले, उतरले, भिंतीला भोक पाडलं, तार आत घेतली, आणि क्रोशाचा रुमाल दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवला. यंत्रातून घूंऽऽ असा आवाज आला. मंडळींनी हात जोडले. कांबळे सर, नानासाहेब, त्यांच्या सौभाग्यवती, सगळे येऊन उभे राहिले.

नंबर मी व्याह्यांना आधीच कार्डाने कळवला होता. आमच्या फोनला अजून एस.टी.डी. नव्हती; फोन लागल्याचं त्यांना आजच कळावं म्हणून सरांनी स्टँडवरच्या बूथवरून कोपरगावला फोन केला, आणि सायकल मारत परत आले. ते घामाघूम होऊन दारात टेकतात न टेकतात, तोच घंटा वाजली.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी रिसीव्हर उचलला.

"बाबा?"

कुंदाच होती. मी म्हटलं, "बोल."

ती अगदी सावकाश, एकेक शब्द उच्चारून म्हणाली, "बाबा, मुलगी झाली. आम्ही दोघी सुखरूप आहोत."

मागून एक बारीक आवाज ओरडत होता, "आई, मला दे ना! आई, आता मी बोलणार!"

मंडळींनी कोपराने ढोसलं, "अहो, काय म्हणतेय?"

"मुलगी झाली म्हणतेय."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग आत गेल्या, साखरेचा डबा घेऊन आल्या आणि उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या हातावर चिमूट चिमूट ठेवायला लागल्या. रज्जाकभाई पिशवीत पक्कड भरत होते. त्यांच्याही पुढं डबा आला.

"घ्या भाई. नात झाली."

"अरे वा! मुबारक हो! कधी?"

"आत्ताच. तुम्ही तार जोडली तेव्हा."

रज्जाकभाईंनी साखर तोंडात टाकली, हात झटकले आणि पिशवी खांद्याला लावली.

"म्हणजे टायमावर आलो म्हणायचं!"