चार कोपऱ्यांच्या चिठ्ठ्या

‘११ ऑक्टोबर १९८४, गुरुवार. नासिरचा फोन सकाळी सात चाळीसला. बर्फ, पन्नास लाद्या. चिठ्ठी आठला गोदेकडे दिली. पोचली नाही. महिन्यातली तिसरी.’

विमलाबाईंनी पेनाला टोपण लावलं. मिरकरवाड्याच्या बर्फ कारखान्यातला फोन उन्हाळ्यापासून बंद होता. म्हणून हातखंब्याहून मासळीचे ट्रक पाठवणारा नासिर त्यांच्या घरी फोन करी. त्या निरोप चिठ्ठीवर उतरवत आणि बंदरावर मासळी घ्यायला निघालेली गोदा ती कारखान्यात देई. बहुतेक चिठ्ठ्या पोचत. मध्येच एखादी गडप होई.

“मावशी, ती गोदा बदला,” नासिर म्हणाला होता. “आणखी एक चिठ्ठी हुकली तर मीच दुसरं माणूस बघतो.”

बारा वर्षांत गोदेने त्यांच्या दारी कधी नासका बांगडा घातला नव्हता. तिच्यावर आळ घ्यायला त्यांची जीभ वळेना.

त्यांनी कारखान्यातल्या फारुककडून पोचलेल्या सगळ्या चिठ्ठ्या मागवल्या आणि आपल्या डायरीशी ताडून पाहिल्या. वार, वेळ, शाई, कशातच काही सापडेना. शेवटी गठ्ठा सारखा करायला टेबलावर आपटला, तर तो अगदी चौकोनी बसला. एकाही चिठ्ठीचा कोपरा फाटका नव्हता.

कागद यजमानांच्या जुन्या डायरीतला. तीत त्यांनी ओळसुद्धा लिहिली नव्हती. रोज सकाळी त्या दिवसाच्या पानाचा कोपरा तेवढा फाडायचे. त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. पुढची पानं शाबूत राहिली. बाई बहुधा ती घेत; मध्येच हाताला आधीचं एखादं येई.

सकाळी गोदा आली.

“गोदे, फाटक्या कोपऱ्याच्या चिठ्ठीचं तू काय करतेस?”

गोदा चपापली. “बाय, कोपरा फाडलेला म्हंजे मयताचा कागद तो. बोहनीआधी टोपलीत कसा घालू? हातातनं नेला नि कारखान्याच्या दारात दगडाखाली ठेवला. आत नाय नेला.”

“वाऱ्याने उडाला तो! अगं, तीनदा कोण मेलं, विचारलंस तरी का?”

“असलं कोण इचारतं? फारुकभायच्या घरातली माणसं पटापट जातायत वाटलं. त्यांच्यासमोर हसायचं पण सोडलं मी.”

विमलाबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग त्यांनी हातखंब्याला फोन लावला.

“नासिर, चूक माझ्या कागदाची. चिठ्ठ्या गोदाच नेईल.”

संध्याकाळी त्यांनी डायरीत लिहिलं: ‘फाटक्या कोपऱ्यांची उरलेली पानं मसाल्याच्या फळीवर अंथरली.’